नॉर्मलचे पेढे

माझ्या डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला, त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे वाटले गेले. नवरा रेल्वेच्या ऑफिसातून येताना सदर बाजारातून डबा घेऊन आला. देवापुढे ठेवला, सासूबाईंच्या पाया पडला, मग वरच्या मजल्यावर थोरल्या भावाकडे, शेजारी, समोरच्या किराणावाल्याकडे असा सगळीकडे फिरून आला. "गाठबिठ काही नाही, सगळं नॉर्मल आहे," हे तो दर दारात इतक्या आनंदानं सांगत होता की मला त्याच्यावर चिडताही येईना. गाठ नाही याचा आनंद मलाही होता. मी दोन पेढे खाल्ले. तिसरा हातात घेतला आणि मला रडूच फुटलं.

कारण गाठ नव्हती, पण मान वाकडी होतीच. तिला वर्ष होत आलं होतं.

मी सरकारी शाळेत गणित शिकवते. एक दिवस फळ्याकडून वर्गाकडे वळले आणि मान मध्यावर थांबलीच नाही, तशीच पुढे डावीकडे गेली. मी ती परत आणली, ती पुन्हा गेली. हनुवटी धरून कोणीतरी हळूच तोंड फिरवावं, तसं. आधी वाटलं उशी चुकली असेल. उशा बदलल्या. मलम झालं, शेक झाला, गळ्याभोवती पट्टा झाला. पट्टा लावून शाळेत गेले तर मुलं सहानुभूतीनं शांत बसली, एवढाच त्याचा फायदा. पुढे पुढे डावा खांदा वर चढायला लागला आणि मान बारीक थरथरायला लागली. डावीकडच्या खिडकीजवळच्या रांगेला वाटायचं, मॅडमचा डोळा आपल्यावरच आहे. त्या रांगेचे गणिताचे मार्क त्या वर्षी चांगलेच सुधारले. उजवीकडच्यांनी मात्र तासाला पोटभर गप्पा मारल्या.

हे शाळेतलं झालं. घरी निराळंच होतं, आणि सगळं पाणी तिथंच मुरत होतं.

आमचं घर तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी वस्तीत. सासरचे लोक मराठ्यांच्या राजवटीत इकडे आले आणि इथलेच झाले. बोलण्यात अर्धी हिंदी मिसळली, जेवणात इथला तांदळाचा चिला-फरा आला, पण रिवाज मात्र गाठोड्यात बांधून आणल्यासारखे तसेच्या तसे राहिले. त्यातला एक म्हणजे थोरल्यांसमोर डोक्यावरून पदर. माझं माहेर वर्ध्याचं, तिथं पदर डोक्यावर जायचा तो फक्त पूजेला. इथं माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, वरच्याच मजल्यावर राहतात आणि दिवसातून कितीदा तरी खाली येतात. त्यामुळे घरात असेपर्यंत माझा पदर डोक्यावर असतो. सुरुवातीला मी यावर खूप धुसफूस केली, नंतर सवय झाली.

तर पदर डोक्यावर असला की माझी मान सरळ राहायची.

मला हे कळायलाही वेळ लागला. पदराची कड गालावरून, डाव्या जबड्याला लागून खाली यायची. तिचा स्पर्श झाला की मानेतली ती ओढ जणू लाजून मागे सरायची. पदर घसरला की मान निघाली. शाळेत पदर खांद्यावर पिन लावून असतो, म्हणून शाळेत वाकडी. स्कूटीवर जाताना धुळीसाठी आम्ही सगळ्याच तोंडाला स्कार्फ बांधतो, म्हणून रस्त्यावरही सरळ. म्हणजे घरी सरळ, सदर बाजारच्या गर्दीतून गाडी काढताना सरळ, आणि नेमकी शाळेच्या दारात स्कार्फ सोडला की वाकडी. मी सासूबाईंच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं की ही बाई कामचुकार आहे.

त्यांना वाटलंच. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सगळं गणगोत जमलेलं. मी सकाळपासून डोक्यावरून घेतलेला पदर कमरेला खोचून वाढत होते, मान काठीसारखी सरळ. माझ्या जाऊबाई, भासऱ्यांच्या पत्नी, पुरणाचं पातेलं धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "घरात तर एकदम सीधी हाय हिची मान. शाळेतच काय होते न कोण जाणे."

सासूबाईंनी त्याचं उत्तर तयारच ठेवलं होतं. "काहून नाही होणार? डोक्यावर पदर असला की सगळं जाग्यावर राहते. हे बाहेर उघड्या डोक्यानं फिरते, मंग मान फिरते. मले समजते सगळं."

सगळे हसले. मीही हसले, कारण हातात कढीचं भांडं होतं आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यानंतर तात्यापाऱ्यातल्या निम्म्या घरांत ही गोष्ट पोचली. भाजी घेताना बायका विचारायच्या, "कशी हाय मान?" आणि एकमेकींकडे बघायच्या.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाच शंका यायला लागली. न्हाणीघराचं दार लावून मी आरशासमोर उभी राहायची. बोटाचं टोक जबड्याला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि मान सरळ. बोट काढलं की डावीकडे. पुन्हा बोट, पुन्हा सरळ. खरं आजारपण असं बोटाच्या टोकानं जातं का? मग मीच करते आहे की काय हे सगळं? मला शाळा नकोशी झाली आहे का? शाळा मला आवडत होती. पण आवडते असं म्हणणारं मनच जर फसवत असेल तर त्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? बरं व्हायचं होतंच, पण त्याहून जास्त मला हवं होतं ते एवढंच, की घरातल्या एका तरी माणसानं म्हणावं, तू खोटं करत नाहीस.

म्हणूनच मेंदूच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी एक अचाट मूर्खपणा केला. नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी मान तपासली, हात उंच करायला लावले, चालवून बघितलं आणि मग विचारलं, "किसी चीज़ को छूने से, कोई सहारा लेने से गर्दन सीधी होती है क्या?"

मी म्हणाले, "नहीं."

नवऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, पदराचं सांगितलं तर डॉक्टरही हसतील, आणि आपल्यावर आता शिक्कामोर्तब होईल. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, कागदावर एमआरआय लिहून दिला आणि रिपोर्ट घेऊन या म्हणाले.

माझी सगळी आशा त्या यंत्रावर होती. माणसं काही म्हणोत, यंत्र कुणाची जाऊ नाही की सासू नाही. ते आत बघेल आणि जे आहे ते छापून देईल. मंगळसूत्र, बांगड्या, पिना सगळं काढून त्यांचा झगा घालून मी त्या अरुंद फळीवर झोपले. डोक्याभोवती एक पिंजरा बसवला आणि डोकं हलू नये म्हणून तिथल्या माणसानं दोन्ही बाजूंनी, अगदी गालापर्यंत, स्पंजच्या उशा खोचल्या. आणि मला कळलं, मान सरळ झाली. उशी जबड्याला टेकली होती ना! भोंग्यांचा, हातोड्यांचा, ड्रिलचा आवाज चालू होता आणि मी आत पडल्या पडल्या स्वतःच्या मानेला शिव्या देत होते. अगं, आज तरी वाकडी हो. बाहेर आल्यावर तो माणूस कौतुकानं म्हणाला, "मैडम, आपकी गर्दन तो एकदम सीधी रही, ज़रा भी नहीं हिली." आता यंत्रासमोरसुद्धा मी खोटी पडले, असं मला वाटलं.

मग तो रिपोर्ट आणि ते पेढे. नवऱ्याचं प्रेम आहे माझ्यावर, हे मी कधीच नाकारणार नाही. महिनाभर तो आतून घाबरलेला होता, हे मला त्याच्या पेढे वाटण्यातून कळलं. पण त्या रात्री तो जे बोलला ते मला लागलं. "आता मन शांत ठेव. मशीननं पण सांगितलं न, काही नाही म्हणून." नॉर्मल या शब्दाला मी आयुष्यभर चांगला शब्द समजत आले होते. त्या दिवशी तो माझ्या विरुद्धच्या साक्षीदारासारखा घरात येऊन बसला. जाऊबाईंनी पेढा तोंडात टाकत जिन्यावरूनच विचारलं, "मंग आता शाळेतबी सीधी राहील न?"

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा राहिला होता. ज्या दिवशी जायचं, नेमकं त्याच दिवशी नवऱ्याला बिलासपूरला जावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "मी येते." मी चकित झाले. त्या स्वतःच्या गुडघ्यासाठीसुद्धा दवाखान्यात जात नाहीत. ऑटोत बसल्यावर कारण कळलं. "मले बोलाचं हाय डॉक्टरशी. तू तर काही सांगत नसशील त्याले." त्या माझी तक्रार करायला निघाल्या होत्या.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, रिपोर्ट वाचला. त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी आपल्या हिंदीत सुरू केलं. "डॉक्टर साब, सच बात मैं बताती हूँ. घर में पल्लू सिर पे रहता है तो ये एकदम सीधी. गाड़ी पे स्कार्फ बाँधी तो सीधी. स्कूल में टेढ़ी. अब आप ही बोलो इसको."

मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. ते हसले नाहीत. सासूबाईंकडे वाकून म्हणाले, "माताजी, फिर से बोलिए, पल्लू का क्या बताया?"

सासूबाईंना असा श्रोता कधी मिळाला नव्हता. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पदराची कड कुठून येते इथपर्यंत. डॉक्टरांनी मला पदर घ्यायला सांगितलं. मान सरळ. काढायला सांगितलं. मान निघाली. मग माझं एक बोट जबड्याला, मग उजव्या गालाला, मग कपाळाला. डाव्या जबड्याला सगळ्यात छान. सासूबाई त्या बोटाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची जिंकल्याची खूण हळूहळू जात होती. डॉक्टर मला म्हणाले, "यही तो मैंने आपसे पिछली बार पूछा था." मी मान खाली घालायला गेले, तीही डावीकडेच गेली.

त्या आजाराला सर्वायकल डिस्टोनिया म्हणतात. मेंदूकडून मानेच्या काही स्नायूंना नको तेव्हा आवळण्याचा हुकूम जातो, आणि कित्येक रुग्णांना अशी स्पर्शाची एखादी युक्ती सापडते. कुणी गालाला हात लावतो, कुणी डोकं भिंतीला टेकतो. ही युक्ती म्हणजे ढोंग नाही, ती या आजाराची ओळखीची खूण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना मी ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर पेढ्यांचे पैसे वाचले असते.

"लेकिन रिपोर्ट तो नॉर्मल है," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

डॉक्टर म्हणाले, या आजारात साधा एमआरआय बहुतेकांचा नॉर्मलच येतो. तो करायचा असतो तो दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. "फोटो में तबला दिखता है, माताजी. ताल नहीं दिखता." मग त्यांनी आपल्या कंप्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. करड्या मेंदूवर केशरी-पिवळे डाग होते. संशोधन करणाऱ्या ठिकाणी लोकांना यंत्रात झोपवून काहीतरी करायला लावतात आणि त्या वेळी मेंदूचा कुठला भाग किती जागा होतो ते मोजतात. डिस्टोनिया असलेल्या लोकांत हालचाल ठरवणारे भाग, स्पर्श ओळखणारे भाग, खोल आतल्या गाठींसारखी केंद्रं आणि मागचा छोटा मेंदू यांचं एकमेकांशी बोलणं इतरांपेक्षा वेगळं दिसतं. कुठे जास्त, कुठे कमी. काही ठिकाणी तर युक्तीचा स्पर्श केल्यावर तो फरक बदलतानाही दिसला आहे. पण सगळ्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि हा फरक आजाराचं कारण आहे की वर्षानुवर्षं मान ओढली गेल्याचा परिणाम, हेही अजून नक्की सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

मी विचारलं, मग माझा असा फोटो काढा ना. ते म्हणाले, एकट्या माणसाचा फोटो काढून त्यावरून निदान करता येत नाही. "इस तस्वीर में आप नहीं हैं. बहुत सारे लोगों का औसत है."

सरासरी मी शिकवते. वर्गाची सरासरी काढली की वर्ग कसा आहे ते कळतं, पण कोण नापास झालं ते कळत नाही, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. तरी त्या केशरी डागांकडे मी अधाशासारखी बघत राहिले. मला न भेटलेल्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या वाकड्या मानेच्या माणसांची ती सरासरी होती. त्यांच्याही घरी कुणीतरी त्यांना नाटकी म्हटलं असेल. मी त्या चित्रात नव्हते, पण ती माझीच माणसं होती, आणि त्यांना बघून मला फार बरं वाटलं. यंत्रावर मी उगाच रागावले होते. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचंच उत्तर त्यानं दिलं होतं. पुढचा प्रश्न माणसानंच विचारायचा असतो, आणि माझ्या बाबतीत तो माझ्या सासूनं, माझी चहाडी करता करता, विचारला.

परत येताना सदर बाजारात दुचाकींच्या गर्दीत ऑटो अडकला. समोरचा हॉर्नवर हॉर्न देत होता. त्यात सासूबाईंनी मला विचारलं, "दुखते का वं?"

मी "हव" म्हणाले आणि पदर डोळ्यांना लावला. वर्षभरात कशी आहे, कधी बरी होईल, शाळेतच का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. दुखतं का, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मी रडत होते आणि त्याच वेळी मला त्यांचा भयंकर रागही येत होता, हे मी लपवणार नाही. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. तो मी दूर केला नाही, पण धरलाही नाही.

उपचार म्हणून मानेच्या त्या स्नायूंत इंजेक्शनं घ्यायची होती. औषध म्हणजे एक विषच, अगदी मोजून मापून दिलेलं, आवळलेल्या स्नायूला सैल करणारं. नवरा बिचकला. सासूबाई म्हणाल्या, "घेऊ दे तिले. माह्यासमोर डॉक्टरनं सांगितलं." मी म्हटलं, "आई, सुनेले विष द्यायले तुम्ही कशा लगेच तयार झाल्या!" त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. इंजेक्शनांनी काही आठवड्यांत मान बरीच ताळ्यावर आली. पण हा इलाज कायमचा नसतो. तीनेक महिन्यांत औषध उतरतं आणि मान पुन्हा निघते, मग पुन्हा सुया.

सासूबाईंनी आपण पसरवलेलं आवरायचा प्रयत्न केला. देवळात, भिशीत, फोनवर त्या सांगत सुटल्या की खरा आजार आहे, डॉक्टरनं कंप्युटरवर दाखवलं. पण लोकांना आधीची गोष्टच जास्त आवडली होती. "तुमची सून तुम्हालेबी बनवून राहिली," असं एकीनं त्यांना तोंडावर म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरचं काय जाते, त्याले तर इंजेक्शन द्याचंच असते." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आपल्या शब्दाला घरात किंमत उरली नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मला ते बघून थोडं समाधान झालं, आणि त्या समाधानाची लाजही वाटली.

मग जाऊबाईंच्या मुलीचा साखरपुडा आला. चौबे कॉलोनीत एक हॉल घेतला होता. इंजेक्शनाचा असर उतरायला लागला होता. पण भासरे, चुलतसासरे, व्याही सगळे थोरले हजर, त्यामुळे पदर डोक्यावर आणि मान सरळ. मी एका बाजूला बसून होते. सगळं यथासांग चाललेलं होतं. ओटी भरून झाली, पाहुणे सरबत पीत बसले, आणि जाऊबाई व्याह्यांकडच्या बायकांना माझी ओळख करून द्यायला आल्या. हसत हसत म्हणाल्या, "हे आमची लहान जाऊ. शाळेत हिची मान टेढी असते, पण लग्नकार्यात पाहा कशी फर्स्ट क्लास हाय."

बायका हसल्या. आणि माझ्या मागे बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला, त्यांचा ठेवणीतला, सगळ्यांना हुकूम द्यायचा.

"पदर खाली कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, भासरे बसले आहेत समोर."

"बसू दे. पाहू दे साऱ्यायले."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून ज्यांनी माझा पदर एक बोट घसरू दिला नव्हता, त्या बाईंनी भर हॉलमध्ये, व्याह्यांसमोर, स्वतःच्या हातानं तो माझ्या डोक्यावरून उतरवला आणि खांद्यावर ठेवला. मी मान धरून ठेवली नाही. ती तिच्या मनानं निघाली, खांदा वर चढला, थरथर सुरू झाली. हसणं थांबलं. भासऱ्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. इतक्या लोकांसमोर मी वाकडी बसले होते आणि मला जराही लाज वाटत नव्हती. उलट, पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटत होतं.

सासूबाई कुणाला काही समजावत बसल्या नाहीत. गुडघा धरत त्या उठल्या. एक प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवरून खरखरत ओढत माझ्या डाव्या हाताला घेऊन आल्या, अगदी माझ्या तोंडासमोर ठेवली आणि तिच्यात बसल्या.

"तुले इकडंच पाहा लागते न," त्या म्हणाल्या. "मंग मी इकडंच बसते."